देवाच्या खणात

माझ्या मोठ्या भावाच्या घरी पिस्तूल आहे हे मला माहीत होतं, आणि तरीही मी माझी नऊ वर्षांची मुलगी सहा आठवडे त्याच्या घरी पाठवली. हे आधीच लिहून टाकते. नाहीतर पुढे मी दादावर तोंडसुख घेईन, आईवर घेईन, अमेरिकेवर तर घेईनच, आणि वाचणाऱ्याला वाटेल की बाई बिचारी फसवली गेली. मला कोणी फसवलं नाही.

फोटो आला होता. दादा टेक्सासमध्ये, तेलविहिरींची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. आमच्या घरी खंडेनवमीला शस्त्रांची पूजा असायची. शस्त्रं म्हणजे काय, तर विळी, अडकित्ता, बाबांचे पाने आणि आम्हा दोघांच्या कंपासपेट्या. मी जर्मनीत आल्यावर पाटावर माझा मापं घ्यायचा व्हर्निअर कॅलिपर, नवऱ्याचा लॅपटॉप आणि गाडीची किल्ली मांडायला लागले. दादाने मेलने पाठवलेल्या फोटोत सुरी होती, ड्रिल मशीन होतं आणि मधोमध एक काळं पिस्तूल. त्यावर हळदकुंकू आणि एक पिवळं फूल. खाली लिहिलेलं, ‘यंदा खरं शस्त्र!’ मी उत्तर धाडलं, ‘वा! शोभतंय.’ ती मेल अजून माझ्याकडे आहे.

आम्ही तेव्हा ब्राउनश्वाइगच्या कडेला एका गावात राहत होतो. तीन मजली घर, आम्ही मधल्या मजल्यावर. नवरा एका संशोधन इन्स्टिट्यूटमध्ये, मी गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका सप्लायरकडे टेस्टिंगला. आमच्या धंद्यात एक टेबल करावं लागतं. एखादा भाग कुठे कुठे बिघडू शकतो, बिघडला तर किती मोठा घात होईल, तसं होण्याची शक्यता किती, आणि बिघाड आधी लक्षात येईल का. प्रत्येकाला एक ते दहा आकडे द्यायचे आणि गुणाकार करायचा. ज्या ओळीचा गुणाकार मोठा, ती आधी निस्तरायची. हे टेबल मी इतकी वर्षं केलंय की मला झोपेत उठवलं तरी पहिल्या तीन ओळी सांगेन.

२००६च्या त्या उन्हाळ्यात, गावातल्या गाड्यांवर फुटबॉलचे झेंडे फडकत असताना, मुलीला सहा आठवड्यांची सुट्टी होती आणि आम्हा दोघांनाही रजा नव्हती. दादाने स्वतःहून म्हटलं, ‘पाठव की तिला. वहिनी घरीच असते. छोट्याला सोबत होईल.’ छोटा म्हणजे माझा भाचा, पाच वर्षांचा. मला भरूनच आलं. इथल्या शाळेत जाऊन मुलगी मराठी बोलायची बंद होत चालली होती, आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं. मामाकडे राहिली तर दोन श्लोक शिकेल, हात जोडायला शिकेल, असा माझा हिशेब.

मग मी टेबल केलं. खरोखर केलं, एक्सेलमध्ये. पासपोर्ट हरवणं. विमान बदलावं लागणं. दम्याचा पंप संपणं. ऊन. शेंगदाण्याची ॲलर्जी. पोहण्याचा तलाव. तलावाच्या ओळीचा गुणाकार सगळ्यात मोठा आला, म्हणून मी त्याच दिवशी दादाला फोन केला आणि विचारलं, तलावाला कुंपण आहे का? फाटकाला कडी आहे का? केवढ्या उंचीवर? दादा हसला, पण टेप घेऊन बाहेर गेला आणि मोजून सांगितलं. त्याला माझं कौतुकच वाटलं.

पिस्तुलाची ओळ मी टाकली नाही. डोक्यात आली होती. बोट कीबोर्डवर होतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ राहायचे. आयुष्यभर कारखान्यात टूलमेकर होते, आता रिटायर. गावच्या नेमबाजी मंडळाचे जुने सभासद. वर्षातून एकदा त्या मंडळाची जत्रा असे. हिरवे कोट, छातीवर बिल्ले, टोपीत पीस, सकाळी अकरालाच बिअर आणि बँड. मी खिडकीतून बघून नाक मुरडायची. शिकल्यासवरल्या माणसांनी बंदुकीचे लाड करावेत हे मला गावंढळ वाटायचं. स्वतःच्या भावाचा फोटो मात्र मला शोभला होता.

मुलगी जायच्या आदल्या आठवड्यात ते जिन्यात भेटले. त्यांच्याकडे कपडे वाळत घालायच्या तळघराची किल्ली होती, ती मागायला मी थांबले. ते मला गमतीने ‘फ्राउ नाखबारिन’, म्हणजे शेजारीणबाई, म्हणायचे. म्हणाले, “शेजारीणबाई, पोरगी टेक्सासला चालली म्हणे. तुमच्या भावाकडे घरात शस्त्र आहे का?”

अगदी हवापाण्याची चौकशी करावी तसं विचारलं. मला चपराक बसल्यासारखं झालं.

“आमच्या घरात शस्त्र फक्त पूजेला असतं,” मी म्हटलं.

त्यांना ते कळलं नाही. ते मला तळघरात घेऊन गेले आणि त्यांचं पोलादी कपाट दाखवलं. भिंतीत बोल्टने आवळलेलं, रायफली एका कपाटात, गोळ्या वेगळ्या कप्प्यात, त्याची किल्ली वेगळी. कपाट घेतल्याचा पुरावा सरकारी ऑफिसात नेऊन द्यावा लागला, असं म्हणाले. “माझी नातवंडं येतात तेव्हा मुलगी दारातच विचारते, बाबा, कुलूप? मी म्हणतो, कुलूप. मग ती आत येते. गेनाऊ, अगदी असंच तुम्ही भावाला विचारा. त्यात काही वाईट नाही.”

मी वर आले ती तणतणत. नवऱ्याला म्हटलं, “आपल्याला काय समजतात हे लोक? माझा भाऊ काय गुंड आहे?”

नवरा भाजी चिरत होता. “पण आहे ना त्याच्याकडे?”

“आहे.”

“मग विचार ना.”

“तू विचार.”

“मी? माझ्या मेहुण्याला? तो आपल्या पोरीला सहा आठवडे सांभाळणार, आणि मी विचारू की अहो, तुम्ही बंदूक नीट ठेवता का? तूच विचार. तुझा सख्खा भाऊ आहे.”

सख्खा होता म्हणूनच तर अडलं होतं. बाबा गेले तेव्हा मी बारावीत होते. दादाने नोकरी धरली आणि मला इंजिनिअरिंगला घातलं. माझ्या लग्नात बाबांच्या जागी तो उभा राहिला. तलावाबद्दल विचारलं तर ते पाण्याबद्दल विचारणं होतं. पिस्तुलाबद्दल विचारलं तर ते त्याच्याबद्दल विचारणं झालं असतं, म्हणजे तू बेजबाबदार आहेस का, असं. बाबांच्या जागच्या माणसाला हे कोणत्या तोंडाने विचारायचं? भीड ही भिकेची बहीण असं आपल्यात म्हणतात. तोंडाने म्हणतात, आणि भीड सोडली की त्याच तोंडाने नावं ठेवतात.

तर मी विचारलं नाही. फ्रँकफुर्टच्या विमानतळावर मुलीच्या गळ्यात एकट्याने प्रवास करणाऱ्या मुलांची पिशवी अडकवली, तिच्या पंपाची दोन पाकिटं दोन बॅगांत ठेवली, आणि ती गेली.

तिकडून फोन यायचे ते आनंदाचेच. तलाव, पिझ्झा, मामाची मोठी गाडी. एकदा म्हणाली की मामीने तिला रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावायचं काम दिलंय. मी फोन ठेवून लगेच नवऱ्याला सांगितलं. म्हटलं, बघ, आपल्याला इथे इतक्या वर्षांत जमलं नाही ते त्यांनी दोन आठवड्यांत केलं.

ती परत आली, शाळा सुरू झाली. खालच्या आजोबांनी जिन्यात विचारलं, “आल्झो, हं तर, कशी झाली टेक्सासची सुट्टी? आणि शस्त्र?” मी म्हटलं, “कुलपात होतं.” मला माहीत नव्हतं. तरी म्हटलं, आमच्या घराण्याची लाज राखायला.

मग खंडेनवमी आली. त्या वर्षी रविवार होता. मी पाटावर कॅलिपर, लॅपटॉप, किल्ली मांडत होते. मुलगी शेजारी बसून झेंडूच्या पाकळ्या काढत होती. तिने जर्मनमध्ये विचारलं, “आपल्याकडे मामाच्या देवासारखं पिस्तूल का नाही?”

मी हसले. म्हटलं, “तो फोटो होय? तू पाहिलास वाटतं.”

फोटो नाही, ती म्हणाली. खरं. देवघराच्या खणात असतं ते. वातींच्या डब्याखाली.

मी तिला विचारलं, तू ते कधी पाहिलंस. ती म्हणाली, “येडन टाग.” म्हणजे रोज.

तिने जे सांगितलं ते असं. मामीची काडेपेटी वरच्या फळीवर असायची, तिथे हिचा हात पुरायचा नाही. पण खणातही एक जादा पेटी होती, अगदी तळाशी. तिच्यावर ती जड वस्तू. म्हणून रोज संध्याकाळी ही हातपाय धुवायची, खण उघडायची, दोन्ही हातांनी ते पिस्तूल उचलायची, पेटी काढायची, दिवा लावायची, पेटी ठेवायची आणि ते पुन्हा वर ठेवून द्यायची. मी विचारलं, मधल्या वेळात ते कुठे ठेवायचीस? जमिनीवर?

ती माझ्याकडे अशी पाहायला लागली की जणू मी काहीतरी वंगाळ बोलले. “नाइन, आई. देवाचं जमिनीवर ठेवायचं नसतं. पाय लागतो.”

ते मी शिकवलं होतं. मी, स्वतः. पोथी जमिनीवर ठेवली म्हणून एकदा तिच्या हातावर फटका मारला होता.

“मग कुठे ठेवायचीस?”

तिने मांडी घातली. पाटावरचा कॅलिपर दोन्ही हातांनी उचलला आणि मांडीवर आडवा ठेवला. मग पुढे वाकून काल्पनिक खणातून काल्पनिक पेटी काढली आणि काडी ओढली. मी विचारलं, त्याचं तोंड कुणीकडे असायचं? तिने नीट विचार केला. कॅलिपरचे जबडे स्वतःच्या पोटाकडे वळवले. “कधी असं.” मग उलटा फिरवला. “कधी असं.”

असं म्हणजे समोर. समोर कोण असायचं, मी विचारलं. भाऊ, म्हणजे दादाचा छोटा, असायचा, ती म्हणाली. त्याला घंटा वाजवायची असायची.

तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात तिला काही दिसलंच नाही. मारुतीच्या हातात गदा असते, रामाच्या हातात धनुष्य. मामाच्या देवाचं पिस्तूल. मी संडासात जाऊन नळ सोडला आणि तोंडात टॉवेल धरून रडले. ती पूजा मी पुरी केली नाही. कॅलिपर उचलून बॅगेत टाकला, आणि नंतर ऑफिसात तो दुसऱ्या टीमला देऊन टाकला.

दुपारी दादाला फोन लावला. त्याच्याकडे सकाळ होती. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, “त्यात गोळ्या होत्या?”

तो म्हणाला, “अगं, रिकामं ठेवून उपयोग काय?”

“दादा, नऊ वर्षांची मुलगी.”

“तिने न विचारता खण उघडलाच कसा? आमचा छोटा देवाच्या खणाला हात लावत नाही. घराची शिस्त असते एक.”

“शिस्त? तिला रोज दिवा लावायला वहिनीने बसवलं होतं.”

“हे बघ, काही झालं का? नाही ना झालं? मग आता एवढा आकांत कशाला?”

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण ‘तुला अक्कल नाही’ असं मी माझ्या दादाला म्हटलं, हे आठवतं. तो ओरडला नाही. थंडपणे बोलत गेला, ते जास्त लागलं. म्हणाला, न्यूयॉर्कचे ते मनोरे पडले त्या वर्षी पेट्रोल पंपावर दोघांनी त्याच्या अंगावर बिअरचा डबा फेकला होता, ‘तुझ्या देशात जा’ म्हणून, आणि घरापर्यंत गाडीचा पाठलाग केला होता. वहिनी तेव्हा बाळंतीण होती. ऑफिसातल्या एकाने त्याला नेमबाजीच्या रेंजवर नेलं. पिस्तूल कसं निवडायचं, कसं धरायचं, सगळं त्यांनी शिकवलं. “सात वर्षं मी तिथे नोकरी करत होतो. मला कुणी घरी बोलावलं नव्हतं. पिस्तूल घेतल्यावर बोलावलं, बार्बेक्यूला. पहिल्यांदा. तू तिथे जर्मनीत कुंपणाच्या उंच्या मोजत बस. तुला काय कळणार आहे?”

हे त्याने मला कधीच सांगितलं नव्हतं. मला त्याची दया आली, आणि त्याच वेळी त्याचा गळा धरावासा वाटला. मी म्हटलं, “ठेव ना पिस्तूल. नाही म्हणत नाही. पण लोखंडी कपाट घे, कुलूप लाव. तुझ्या मुलासाठी तरी. तो घंटा वाजवत समोर बसतो.”

“चोर आला की किल्ली शोधत बसू?” तो म्हणाला. “आणि ती जागा मी ठरवलेली नाही. आईने सांगितलं तिथे ठेवायला.” फोन ठेवला.

आईला पुण्याला फोन केला. तिने नाकारलं नाही. आदल्या वर्षी ती त्याच्याकडे गेली होती तेव्हा ते पिस्तूल पलंगाच्या बाजूच्या कपाटात उघडं पडलेलं तिने पाहिलं, आणि घाबरून तीच म्हणाली की पोराच्या हाताला लागेल, देवाच्या खणात ठेव. आमच्या घरी पाटल्या, फिक्स डिपॉझिटच्या पावत्या, बाबांचं मृत्युपत्र, सगळं देवाच्याच खणात असायचं. त्या खणाला कुलूप कधी नव्हतं आणि आम्ही भावंडांनी त्याला पारोशाने कधी हात लावला नाही. तिच्या दृष्टीने तिने जगातली सगळ्यात सुरक्षित जागा सुचवली होती.

“देव तारी त्याला कोण मारी,” आई म्हणाली. “त्यानेच राखलं ना पोरांना? आणि दादाला असं बोलायचं नव्हतंस गं. त्याने तुझ्यासाठी काय नाही केलं?”

मी फोन ठेवला. देवाने राखलं म्हणे. वातींच्या डब्याखाली भरलेलं पिस्तूल ठेवायचं, पोरीला तिथेच दिवा लावायला बसवायचं, आणि मग देवाचे आभार मानायचे.

वर्षभर आम्ही बोललो नाही. पुढच्या वर्षी भाऊबिजेला मी हरले आणि फोन केला. हवा, नोकरी, आईचे गुडघे. तो विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही. आईला इतकं बरं वाटलं की तिने शेजारी पेढे वाटले. माझा नवरा म्हणाला, “ते कपाटाचं विचारलंस?” मी म्हटलं, आत्ता कुठे बोलायला लागलोय, लगेच कशाला.

त्यानंतरच्या वसंतात हॅनोव्हरला यंत्रांचं मोठं प्रदर्शन होतं, त्याला दादा कंपनीच्या कामाने आला आणि शनिवार-रविवार आमच्याकडे राहिला. मी स्टेशनवर त्याला पाहिलं तेव्हा सगळा राग कुठल्या कुठे गेला. केस पांढरे झाले होते, चालताना एक खांदा बाबांसारखा झुकत होता. घरी आल्यावर मी त्याच्या आवडीची चिंचगुळाची आमटी केली, पुरणपोळी केली. इथे पुरणाला हवी तशी हरभऱ्याची डाळ मिळत नाही, ती मी हॅनोव्हरच्या टर्किश दुकानातून आणली होती. नवरा, दादा, मुलगी जेवायला बसले. मुलगी आता अकरा वर्षांची.

ती मामाकडे न बघता जेवत होती. मला वाटलं लाजतेय. मग तिने चमचा खाली ठेवला. मामाला जर्मन येत नाही म्हणून तिने ते वाक्य मराठीत जुळवून आणलं होतं, ते ऐकतानाच कळत होतं. एकेक शब्द ठेवत म्हणाली, “मामा, ते पिस्तूल आता लॉकमध्ये आहे का? भाऊ आता सात वर्षांचा आहे. आता दिवा तो लावत असेल.”

नवऱ्याचा घास हातात राहिला. दादाने तिच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

“हे तू पढवलंस का तिला?”

मी पढवलं नव्हतं. पढवायला हवं होतं. त्याहून, मी स्वतः विचारायला हवं होतं, दोन वर्षं रोज. आत्ताही एवढंच म्हणायचं होतं की नाही पढवलं, पण दादा, उत्तर दे तिला. जिभेवर आलं होतं. समोर बाबांचा खांदा घेऊन तो बसला होता, आणि आमटी निवत होती.

“नाही रे, मी कशाला पढवीन?” मी म्हटलं, आणि मुलीकडे वळले. “मोठ्या माणसांना जेवताना असं विचारतात का? काय वाटेल मामाला? सॉरी म्हण.”

तिने माझ्याकडे पाहिलं. वाट पाहत होती बहुतेक, की मी आणखी काही म्हणेन.

“सॉरी, मामा,” ती म्हणाली.

“असू दे गं,” दादा म्हणाला आणि पोळीवर तूप मागितलं. उत्तर त्याने दिलं नाही. मी तूप वाढलं. त्या टेबलावर त्या पोराची काळजी बोलून दाखवणारी ती एकटी होती, आणि माफी मागायला मी तिलाच लावली.